बारा अंश उत्तरेला

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी होकाकाका दाराशी थांबत. दाराजवळच्या फळीवर एक पितळी ताटली असे. खिशातल्या किल्ल्या, चाकू, सुटी नाणी, सगळं ते तिच्यात काढून ठेवत. कमरेचा पट्टा चाचपत, जरी त्याचं बक्कल पितळेचंच आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग फळीवरचं डबीएवढं होकायंत्र उचलून कपाळापासून गुडघ्यापर्यंत अंगावरून सावकाश फिरवत. काटा जागचा हलला नाही की स्वतःशीच म्हणत, "कोरा आहे," आणि वहाणा सरकवत.

ताटलीची सवय जुनी, धंद्याइतकी जुनी. होकायंत्र अंगावरून फिरवण्याची मात्र नंतरची. आणि ती लागली तेव्हा धंदाच उरला नव्हता. गेली चौदा वर्षं ते शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात जात होते. तिथं दिवसभर हात लोखंडात. तिथं जाणाऱ्याच्या अंगावर टाचणी असली काय आणि सळई असली काय, कुणाचं काय अडणार होतं? शेजारचे म्हाताऱ्याची थट्टा करायचे.

"काका, आज किती निघालं अंगातून?"

"तुझ्या डोक्यात आहे तेवढं नाही," काका म्हणायचे आणि नाकासमोर चालू लागायचे.

त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी बंदरावर काढली होती. होकायंत्राला तिथं सगळे नुसतं 'होका' म्हणत, म्हणून ते होकाकाका. होका विकणारे बंदरावर बरेच होते. होक्याचा खोटेपणा काढणारे हे एकटेच. बोटीवर इंजिन असतं, साखळ्या असतात, टाक्या असतात, आणि त्या सगळ्या लोखंडाची काट्याला ओढ लागते. काटा उत्तर सोडून जरा त्यांच्याकडे कलतो. दुकानात शहाण्यासारखा वागणारा होका बोटीवर चढला की खोटं बोलायला लागतो. आणि वाईट म्हणजे, प्रत्येक बोटीवर वेगळं खोटं. मग होकाकाकांना बोलावणं यायचं. ते बोट बंदराबाहेर न्यायला लावत, दीपगृह आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत धरून बोटीचं तोंड आठही दिशांना फिरवत, होक्यावर ओणवे होऊन प्रत्येक दिशेला काटा किती चुकतो ते टिपून घेत. मग होक्याखालच्या लाकडी खणात पेन्सिलीच्या तुकड्याएवढी चुंबकं बसवून ती ओढ मारून टाकत. उरलीसुरली चूक एका तक्त्यावर लिहून तो तक्ता केबिनमध्ये चिकटवत. म्हणूनच अंगावर लोखंड चालायचं नाही. काकाच जर काट्याला ओढायला लागले, तर बोटीची चूक कुठली आणि काकांची कुठली, हे सांगणार कोण?

कामाच्या दिवशी खलाशी मुद्दाम छेड काढायचे. "काका, आमच्या बायकोचा काटा बारा महिने माहेराकडेच असतो. एखादं चुंबक बसवून द्या की."

"चुंबक बसवलंय रे केव्हाच. ते माहेरी बसवलंय, त्याला मी काय करू!"

सगळ्यांत मोठ्यानं हसणारा असायचा त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. लेकीचा तो मामा, म्हणून घरात सगळेच त्याला मामा म्हणायचे, कधीकधी काकासुद्धा. त्याची छोटी लाकडी बोट होती, आणि बोटीवर एक करडी मांजर. एकही फेरी न चुकवणारी ती मांजर दोरखंडाच्या वेटोळ्यात झोपायची, म्हणून मामानं तिचं नाव ठेवलं होतं खलाशीण. मामाची बंदरात शिरण्याची एक तऱ्हा होती. धक्का जवळ आला की तो केबिनच्या पत्र्यावर मुठीनं तीनदा ठोकायचा: ठण, ठण, ठण. घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. तो आवाज ऐकला की त्याची बहीण चहाचं आधण ठेवायची.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. मामानं बोटीला नवं इंजिन बसवलं, आणि लेक चष्म्याच्या दुकानात कामाला लागली.

पहिल्या पगारातून लेकीनं वडिलांना नवा चष्मा आणला. ती होकाकाकांचीच मुलगी. दुकानात तिनं वडिलांचं जुनं होकायंत्र नेऊन एकेका फ्रेमवर धरून पाहिलं होतं. मालकानं विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाली, "आमच्या घरी चष्म्याची पत्रिका बघावी लागते." शेवटी शिंगासारखी दिसणारी, बिजागरीसुद्धा लोखंडाची नसलेली एक फ्रेम तिनं काढली. फ्रेमबरोबर चष्म्याचं घर फुकट होतं. राखाडी रंगाचं, मऊ, वर झाकण. झाकण नुसतं टेकवलं की आपोआप चिकटायचं.

"यात लोखंड नाही, बाबा. मी सगळं बघितलंय," ती म्हणाली.

काकांनी घर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आणि हे?"

"ते फुकट मिळालं."

"फुकटचं ते पौष्टिक," काका म्हणाले आणि घर शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं. ते चामड्यासारखं होतं, ताटलीत ठेवायचं काही कारणच नव्हतं.

चारच दिवसांनी मामाच्या बोटीचं काम निघालं. नवं इंजिन म्हणजे नवं लोखंड. काका ओणवे झाले आणि काटा चांगलाच सरकला.

"भाऊजी, चेहरा का असा?" मामानं विचारलं.

"तुझं इंजिन फार ओढतंय."

"माझ्या घरचं सगळंच मला ओढतं. बसवा तुमची चुंबकं."

काकांनी बसवली. दर वेळी त्याच जागी उभं राहून, तसंच ओणवं होऊन, आठही दिशांना पुन्हा पाहिलं. काटा आता अगदी खरं बोलत होता. त्यांनी तक्ता लिहिला, चिकटवला. उतरताना मामा म्हणाला, "आता डोळे मिटून घरी येतो बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा निघाला. जोडीदार तापानं फणफणला होता, तरी एकटाच निघाला. एकटा म्हणजे तो आणि खलाशीण. जाताना आभाळ स्वच्छ होतं. किनारा दिसत असला की होक्याकडे कोण बघतो? परतायचं त्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. धक्क्यावर उभं राहिलं तर स्वतःचे पाय दिसेनात. संध्याकाळपर्यंत बाकीच्या बोटी एकेक करून आल्या. पत्र्यावरची ठण-ठण काही आली नाही. बहिणीनं आधण दोनदा ठेवलं आणि दोनदा उतरवलं.

तिसऱ्या दिवशी शोध चालू होता, दक्षिणेकडे. वारा तिकडचा, प्रवाह तिकडचा. काकांना नजर कमी म्हणून कुणी बोटीवर घेतलं नव्हतं. ते धक्क्यावरच्या आपल्या खोलीत बसून होते. खोली कसली, एक टेबल आणि एक खिडकी. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला, चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. शेजारी होकायंत्र पडलं होतं.

काटा फिरला.

काकांनी घर उचललं. काटा जागेवर गेला. घर ठेवलं. काटा पुन्हा फिरला, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे वळून बघावं तसा. त्यांनी पातं घेऊन झाकणाची शिवण उसवली. आत बोटाच्या नखाएवढी काळी चकती होती.

काकांचं डोकं, बावीस वर्षांचं डोकं, आपलं काम करत राहिलं. नव्या इंजिनाची म्हणून त्यांनी जी ओढ मारली होती, तिच्यातली निम्मीअर्धी त्यांच्या स्वतःच्या खिशाची होती. ते बोटीवर होते तोवर होका खरा होता. ते उतरले, खिसा उतरला, आणि ती मारलेली ओढच उलट चूक होऊन बसली. घर छातीशी आणि होक्यापासून वीतभर धरून त्यांनी मोजलं. बारा अंश, उत्तरेकडे. चाळीस मैलांच्या वाटेवर बारा अंश म्हणजे आठ मैल. बंदराच्या उत्तरेला आठ मैलांवर काळे खडक होते.

आता उठून धावत सुटायचं, एवढंच काम होतं.

काका उठले नाहीत. चकती मुठीत धरून ते बसून राहिले, कारण धक्क्यावर जाऊन "उत्तरेला बघा" म्हटलं की पहिला प्रश्न येणार होता, "कशावरून?" आणि खरं उत्तर दिलं की ते लेकीपाशी जाऊन थांबणार होतं. बंदर कुणाचं तोंड धरतं? उद्यापासून ती 'मामाला बुडवणारं घर आणणारी' झाली असती. आणि लोकांचं सोडा, ती स्वतः? तिनं तर एकेक फ्रेम तपासून आणली होती. बाहेर कुणीतरी दोर ओढत होतं, दोन माणसं वाऱ्याबद्दल भांडत होती. काका खोटं जुळवत होते. साधं, कुणालाही पटेल असं खोटं. बावीस वर्षांत कधी बोलले नव्हते, त्यामुळे वेळ लागत होता. भिंतीवर घड्याळ होतं. ते उठले तेव्हा बरोबर एक तास झाला होता.

"उत्तरेला बघा. काळ्या खडकांकडे," ते धक्क्यावर जाऊन म्हणाले. "एक चुंबक मी उलटं बसवलं. माझा हात चुकला."

कुणीतरी म्हणालं, "काका, काय बोलताय तुम्ही?"

"आधी बोटी वळवा."

बोटी वळल्या. अंधार पडेपर्यंत खडकांजवळ केबिनचा एक पत्रा आणि मासळीचे दोन क्रेट मिळाले. मामा मिळाला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दाराशी खरवडल्याचा आवाज आला. उत्तरेच्या रस्त्यानं, पंजे सोललेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा अवस्थेत खलाशीण परत आली होती. ज्या वाटेनं ती जन्मात चालली नव्हती, त्या वाटेनं. काकांना पूर्वी या गोष्टींचं फार कौतुक. कासवं म्हणे जन्मल्या किनाऱ्यावर परततात, पाखरं समुद्र ओलांडून तेच झाड शोधतात. काका म्हणायचे, "त्यांच्या आतला होका कोण तपासतं? आमच्या हातचा असता तर एव्हाना सगळी पाखरं भलत्याच गावाला!" त्या सकाळी मात्र ते मांजरीकडे बघत उंबऱ्यावरच बसले. मांजर जगली होती. खडकांवर जगता येत होतं. मग मामा किती दिवस जगला असेल? आणि किती तास?

बायकोनं मांजरीला पोटाशी धरलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हिला कुणी तक्ता लिहून दिला नव्हता, ते बरं झालं."

त्यानंतर दोन महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट समोर सरकवायची आणि आत निघून जायची. पुढं बोलायला लागली, पण तिच्या बोलण्यातलं 'अहो' परत यायला काही वर्षं लागली. मामी मुलांना घेऊन माहेरी गेली. जाताना काकांच्या समोर येऊन उभी राहिली. "खरंच हात चुकला?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "हो." ती म्हणाली, "ते म्हणायचे, भाऊजींचा हात म्हणजे दगडावरची रेघ." आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर काकांना परवडलं असतं.

धंद्याचं काय व्हायचं ते झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बोलावणी बंद झाली. मग लहान बोटींवरही पडदे आले. आकाशातल्या उपग्रहांशी बोलून पडद्यावरचा बाण वाट दाखवायला लागला, आणि होकाकाका नावाचा एक माणूस होता हेही बंदर विसरलं. ते शिलाई मशिनांकडे वळले. मशिनं कुठं जात नाहीत. चुकली तर फार तर टाका चुकतो.

चकती त्यांनी फेकली नाही. फेकलेलं चुंबक कुठं जाईल आणि कुणाचा काटा ओढेल, काय नेम? ती त्यांनी झाकणात परत घातली, दुकानातल्या दोऱ्यानं शिवण घातली आणि ते घर कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या तक्त्यांखाली ठेवून दिलं. चष्मा ते रुमालात गुंडाळून नेऊ लागले.

लेकीनं एकदाच विचारलं होतं. "बाबा, ते घर नाही वापरत?"

"खिशाला मोठं होतं ते."

"मग बदलून आणू का?"

"नको नको. रुमाल आहे की."

पुढं तिनं त्यांना काही भेट म्हणून आणलं नाही. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तिथं स्वतःचं चष्म्याचं दुकान काढलं. घरी यायची, आईशी तासन्‌तास बोलायची. बापलेकीत मात्र एक खुर्ची रिकामी असावी तसं बोलणं. काकांना वाटायचं, मामाबद्दल तिनं मला माफ केलेलं नाही. बरोबरच आहे. आपण तेच तर मागितलं होतं.

आणि धुकं. वर्षातून पाच-सात सकाळी धुकं उतरायचं. तेव्हा काका कामावर जात नसत. उत्तरेच्या खिडकीशी बसत. खलाशीण आधीच तिथं बसलेली असायची. परतल्यापासून तिनं ती जागा धरली होती, पाण्याकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही. दोघं पांढऱ्या काचेकडे बघत बसायची. मग कुठूनतरी दुरून, कापसात गुंडाळल्यासारखं यायचं: ठण, ठण, ठण.

काकांना एकट्यालाच ऐकू आलं असतं तर त्यांनी कानांना दोष दिला असता. पण मांजरीचेही कान उभे राहायचे, त्याच क्षणी, त्याच दिशेला. काका हळूच आतल्या खोलीकडे बघत. आत बायकोचा हात भांड्यावर थांबलेला असे. तिघांपैकी कुणीच काही बोलत नसे. थोड्या वेळानं आत चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज येई, आणि थोड्या वेळानं ते उतरवल्याचा.

अशाच एका सकाळी काकांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या अंगातच लोखंड आहे. खिशात नाही, आतच. त्या दिवसापासून होकायंत्र अंगावरून फिरायला लागलं. काटा हलला नाही की "कोरा आहे" म्हणायचे. पण विश्वास बसायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खलाशीण म्हातारी होऊन खिडकीतच गेली. तिला काकांनी अंगणात, उत्तरेकडे तोंड करून पुरलं.

चौदाव्या वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं. लेक गाडी घेऊन आली. तिच्या शहरात मोठं हॉस्पिटल होतं. आईच्या गुडघ्यांना प्रवास झेपणार नव्हता, तिनं पिशवी भरून दिली: कपडे, टॉवेल, गोळ्यांची डबी. काका दाराशी थांबले. ताटलीत किल्ल्या ठेवल्या, होकायंत्र फिरवलं. लेक गाडीशी उभी राहून बघत होती. आज तिनं "चला ना बाबा" म्हटलं नाही.

शहरात शिरल्यावर रस्ते गुंतागुंतीचे झाले. लेकीनं फोन वडिलांच्या हातात दिला. "जरा बाण कुठं वळतोय ते सांगा. नवीन पूल झालाय, माझाही गोंधळ होतो."

फोनला पाकिटासारखं कव्हर होतं, वर झाकण. काकांनी ते मागं दुमडून धरलं. एका मोठ्या चौकात सिग्नलला गाडी उभी राहिली आणि पडद्यावरचा बाण भिरभिरायला लागला. गाडीचं तोंड पुढं, बाणाचं मागं.

"हा म्हणतोय परत घरी चला," काका म्हणाले.

"उभं राहिलं की असंच करतो. वेडा आहे."

"वेडा नाही गं." काकांचा हात सवयीनं झाकणाकडे गेला होता. त्यांनी कव्हर काढून मागच्या सीटवर टाकलं. बाण डुलला, सावरला आणि पुढं तोंड करून उभा राहिला. "याच्याही पोटात होका असतो. झाकणात चुंबक होतं."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो.

सिग्नल हिरवा झाला. लेकीनं गाडी पुढं काढली. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "घराच्या झाकणातही होतं."

फोन म्हणाला, तीनशे मीटरवर उजवीकडे वळा. ती उजवीकडे वळली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पुढच्याच वर्षापासून. कपाट आवरताना मिळालं. काळा दोरा होता, बाबा. शिवण करड्या दोऱ्याची होती. मी अशी शंभर घरं विकलीत." तिनं आरशात बघितल्यासारखं केलं. "दुकानात नेऊन होक्याजवळ धरलं. मग परत आणून ठेवलं, तक्त्यांखाली, होतं तसं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

काकांना हसू आलं, आणि हसताना छातीत दुखलं. "आईला?"

"आईला नाही. तुम्ही एवढं केलंत, मग मी सांगून ते फुकट घालवू?" तिनं गिअर बदलला. "मला वाटायचं, तुम्हाला माझं तोंड बघवत नाही."

"मला वाटायचं, तुला माझं."

"दोघांनाही एकच चुंबक बाधलं म्हणायचं," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून गाडी चालवत राहिली.

सांगायचं आणखी एक होतं. भिंतीवरचं घड्याळ, मुठीतली चकती, बाहेर वाऱ्याबद्दल भांडणारी दोन माणसं. काकांनी तोंड उघडलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती डाव्या हातानं डोळे पुसत होती आणि उजव्या हातानं वळण घेत होती. तो तास कुणासाठी गेला, हे कळलं की तो तिचा झाला असता. काकांनी तोंड मिटलं. तो त्यांच्याजवळच राहिला.

"इथं डावीकडे म्हणतोय," ते म्हणाले.

हॉस्पिटलात सकाळी एमआरआय तपासणीआधी नर्सनं विचारलं, "आजोबा, अंगावर काही लोखंड, धातू?"

"रोज बघूनच निघतो," काका म्हणाले. नर्सला त्यातलं काही कळलं नाही. लेक खाली बघून हसली. मशीनमधून बाहेर आल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "एवढं मोठं चुंबक, पण मला ओढलं नाही बघ." चौदा वर्षांनी त्यांना पटल्यासारखं वाटलं, पण संध्याकाळी खिडकीबाहेर धुरकट व्हायला लागलं तेव्हा त्यांनी कान टवकारले, ते तिनं पाहिलं. तिनंही कान दिला. बाहेर कुणीतरी औषधांची ट्रॉली ढकलत होतं, बाकी काही नव्हतं.

भेटायची वेळ संपली. तिनं पिशवीतून रात्रीचे कपडे काढले, टॉवेल काढला. तळाशी ते होतं. राखाडी, मऊ, झाकणावर काळ्या दोऱ्याची शिवण. आईनं भरलं होतं. नवरा हॉस्पिटलात चालला, चष्म्याला घर हवं, एवढाच विचार करून भरलं, की आणखी काही, हे लेकीनं आईला पुढंही कधी विचारलं नाही. ती ते हातात धरून तशीच उभी राहिली. परत पिशवीत टाकावं की काय, तिला कळेना.

काकांनी चष्मा काढला. रुमाल उशाशीच होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी लेकीपुढं हात पसरला. शर्टाचा वरचा खिसा रिकामा होता.

पहाटे हॉस्पिटलातून फोन आला. म्हणजे हे त्यांचं शेवटचं बोलणं. आणि ते रोजच्यासारखंच होतं, थोडं कुरकुरत्या सुरातलं.

"दे ते घर इकडे. उघडा ठेवला की काचेवर ओरखडे पडतात."